सूत रंगवण्याचा घरधंदा



मागचे अंगण, एक चूल, दोन मोठी पातेली, एक काठी आणि घरची चार माणसे, एवढ्यावर एक धंदा उभा राहू शकतो. तो म्हणजे हाताने सूत रंगवण्याचा. पांढरे सूत विकत आणायचे, त्याला रंग द्यायचा, वाळवायचे, लडी बांधायच्या आणि विकायच्या.

घेणार कोण? हातमागवाले घेतात. क्रोशाने विणणाऱ्या बाया घेतात. भरतकाम करणारे घेतात. पुण्यामुंबईला असे हौशी लोक पुष्कळ आहेत. कारखान्याच्या सुताचा रंग सगळीकडे एकसारखा, चापूनचोपून बसलेला असतो. हाताने रंगवलेल्या लडीत कुठे गडद, कुठे फिका असा जीव असतो. त्यासाठी लोक दोन पैसे जास्त देतात.

पण धंदा सुरू करणे सोपे. तो तीन वर्षे चालवणे अवघड. रंग कसा द्यायचा आणि हिशेब कसा ठेवायचा, या दोन्ही गोष्टी या पाठात आम्ही सांगणार आहोत. एक वाचून दुसरी सोडू नका.

१. आधी सूत रंगते, मग कापड विणते

कापड दोन तऱ्हेने रंगवतात. विणून झाल्यावर अख्खे कापड रंगात बुडवतात, ही एक तऱ्हा. आधी सूत रंगवायचे आणि मग ते विणायचे, ही दुसरी.

सोलापूरची चादर पाहा. तिच्यावरची फुले-नक्षी छापलेली नसते. वेगवेगळ्या रंगांचे सूत मागावर एकत्र येते आणि नक्षी उठते. म्हणून ती नक्षी दोन्ही बाजूंना दिसते. एकीकडे जो रंग वर, तोच दुसरीकडे खाली.

येवल्याची पैठणी पाहा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. मग पदर हलवला की कधी हा रंग चमकतो, कधी तो. याला धूपछाव म्हणतात. हे काम आधी सूत रंगवल्याशिवाय होत नाही.

येवल्याला रेशीम बंगळूरकडून येते. कच्च्या रेशमावर एक प्रकारचा डिंक असतो. साबण-सोड्याच्या गरम पाण्यात तो काढावा लागतो. डिंक गेला की रेशमाचे वजन जवळजवळ पावपट कमी होते. म्हणजे चार किलो कच्चे रेशीम घेतले, तर हातात तीन किलोच्या आसपास येते. ज्याने चार किलोचा भाव धरून विकले, तो बुडाला. सुताचीही थोडी घट होते. ती गोष्ट पुढे हिशेबात येईल. ध्यानात ठेवा.

२. रंग कुठून आले?

पूर्वी सारे रंग झाडापाल्यातून आणि मुळ्यांतून येत. निळीच्या झाडापासून निळा. मंजिष्ठेपासून आणि आलाच्या मुळीपासून लाल. डाळिंबाच्या सालीपासून पिवळा. पळसाच्या फुलांपासून केशरी. लाखेपासून किरमिजी. निळीचे काम करणाऱ्यांना आपल्याकडे निराळी किंवा निळारी म्हणत. रंगाऱ्यांचे घर हातांवरून ओळखू येई.

मग विलायतेत एक गोष्ट घडली. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करीत होता. त्याला औषध करायचे होते. औषध झाले नाही, जांभळा रंग झाला. पुढे १८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेचा लाल रंग कृत्रिम रीतीने तयार झाला. १८९७ साली कारखान्यातली नीळ बाजारात आली. मग आलाची शेती बसली. मंजिष्ठेचा भाव पडला. निळीचेही दिवस फिरले.

चंपारणचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथे शेतकऱ्याला वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती होती. १९१७ साली गांधीजी तिथे गेले. रंगाच्या एका डब्यामागे माणसांची केवढी सुखदुःखे असतात, ते यावरून दिसते.

आज दोन्ही रंग मिळतात, झाडाचे आणि कारखान्याचे. दोन्हींत चांगले आहे, दोन्हींत वाईटही आहे. 'झाडाचा म्हणजे चांगलाच' असे कुणी म्हणाले तर मान डोलवू नका. हळदीचा पिवळा रंग डोळ्यांत भरतो, पण उन्हात आठ-पंधरा दिवसांत उडू लागतो. बीटाचे तसेच. असे सूत विकले तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

३. सूत मोजायचे कसे?

सुताच्या पुडक्यावर २०, ४०, ६० असे आकडे असतात. त्याला सुताचा नंबर किंवा काउंट म्हणतात. आकडा मोठा, तर सूत बारीक. हे असे उलटे का?

जुने इंग्रजी माप आहे. ८४० वारांची एक लडी धरतात. काही लोक लडीला आटी म्हणतात. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

२० नंबरचे सूत : २० × ८४० = १६,८०० वार एका पौंडात.
४० नंबरचे सूत : ४० × ८४० = ३३,६०० वार एका पौंडात.

वजन तेच, पण लांबी दुप्पट. मग धागा बारीक असणारच.

पुडक्यावर २/२० असे लिहिले असेल, तर २० नंबरचे दोन धागे पिळून एक केला आहे, असे समजा. तेव्हा लांबी निम्मी होते. पौंडाला ८,४०० वार. १०० ग्रॅमच्या लडीत सुमारे १,८५० वार. विणणारी बाई नेहमी विचारते, "एका लडीत किती वार बसतात हो?" तिला हे उत्तर देता आले पाहिजे.

४. रंगवण्याची रीत

आता एक सोपी रीत पाहू. डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग. आपल्या शिरूर-दौंड भागात डाळिंबाच्या बागा आहेत. रसवाल्याकडे सालींचा ढीग पडलेला असतो. साली सावलीत कडकडीत वाळवा. ओल राहिली तर बुरशी येते.

दुसरी वस्तू हिरडा. आपली भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. त्याच डोंगरपट्ट्यात, आंबेगाव-जुन्नरकडे, हिरड्याची झाडे आहेत. तिथली आदिवासी माणसे हिरडा गोळा करून विकतात. औषधाला कोवळा बाळहिरडा जातो. रंगकामाला मोठा, पिकून वाळलेला हिरडा लागतो. मांडवगण फराट्याला वरून नदीचे पाणी येते, तसा वरूनच हिरडाही आणता येतो.

हे सारे माप एक किलो कोरड्या सुताचे आहे.

*पहिला दिवस, धुणे.* सूत कोरडे असतानाच तोला. वजन वहीत लिहा. लडीला चार ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याने सैल बांधा. घट्ट बांधली तर तिथे रंग शिरत नाही, पांढरा डाग राहतो. २० लिटर पाण्यात ३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घाला. सूत त्यात दीड-दोन तास उकळा. कापसाला जन्मतः मेण असते, ते निघून जाते. मेण गेले की नाही, हे कसे ओळखायचे? लडीवर पाण्याचा थेंब सोडा. लगेच जिरला तर झाले. मोत्यासारखा वर राहिला तर पुन्हा उकळा.

*दुसरा दिवस, हिरडा.* २०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवा. धुतलेले सूत त्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पिळा. धुऊ नका. सावलीत वाळवा. सूत फिके पिवळसर दिसेल. कापूस रंगाला सहजी धरत नाही. हिरड्याचा तुरटपणा त्याला धरायला लावतो.

*तिसरा दिवस, तुरटी.* १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. सूत बुडेल इतके पाणी घाला. चार-सहा तास सूत भिजू द्या. मग एकदाच हलके विसळा.

*चौथा दिवस, रंग.* अर्धा किलो वाळलेल्या साली आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी तासभर उकळा. पाणी फडक्यातून गाळा. चोथा राहिला तर सुतावर डाग पडतात. गाळलेल्या पाण्यात सूत सोडा. पाणी खळखळ उकळू देऊ नका. गरम ठेवा. काठीने लडी सारख्या फिरवत राहा. तासाने चूल बंद करा. सूत त्याच पाण्यात गार होऊ द्या. मग स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळत घाला.

झाला पिवळा रंग. आता याच सुताला हिराकशीच्या पाण्यातून दहा मिनिटे काढले, तर तो हिरवट-करडा होतो. किलोला २० ग्रॅम हिराकस पुरे. जास्त घालण्याचा मोह होतो, कारण रंग गडद दिसतो. पण लोखंडाचा अंश जास्त झाला की कापूस कुजतो. वर्षभराने धागा हाताने तुटतो. तोवर पैसे घेऊन तुम्ही मोकळे झालेले असता. पण नाव तुटायला तेवढे पुरते.

हिरड्याच्या सुताला काळा रंगही चढतो. गंजके लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात दोन-तीन आठवडे मुरवतात. दौंडकडची गुऱ्हाळे तुम्हाला माहीत आहेतच. त्या आंबलेल्या पाण्यात हिरड्याचे सूत बुडवले की बघता बघता काळवंडते. यात जादू काही नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत, तीच ही गोष्ट.

निळीची रीत निराळी आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ यांच्या संगतीने ती पिंपात उतरवावी लागते. पिंपातून सूत काढले की आधी हिरवट दिसते. वारा लागला की डोळ्यांदेखत निळे होते. पुन्हा बुडवा, पुन्हा वारा द्या. जितक्या बुड्या तितका गडद. मात्र पांढऱ्या कपड्यांना घालायची पुडीतली नीळ ती ही नव्हे. त्या पुडीने सूत रंगत नाही.

कारखान्याच्या रंगांत घरी वापरायला सोपे ते थंड पाण्याचे रंग. कापसाशी घट्ट जोडले जाणारे हे रंग १९५६ साली प्रथम बाजारात आले. यांना उकळावे लागत नाही. मीठ आणि धुण्याचा सोडा लागतो. रंगांची विविधता पुष्कळ. पण यांच्या पाण्याचे काय करायचे, हा मोठा प्रश्न आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

हे रंग सुटे, कागदात बांधलेले घेऊ नका. डब्यावर कंपनीचे आणि रंगाचे नाव हवे. काही रंगांतून कर्करोग करणारे पदार्थ सुटतात. १९९७ साली भारत सरकारने अशा ७० अझो रंगांवर बंदी घातली. बिननावाच्या पुडीत काय आहे, ते तुम्हाला कोण सांगणार?

५. रंगाची परीक्षा

हातच्या कांकणाला आरसा कशाला? घरीच परीक्षा होते. विकण्याआधी तीन परीक्षा घ्या.

*उन्हाची परीक्षा.* रंगीत धागा एका पुठ्ठ्यावर गुंडाळा. अर्धा भाग जाड कागदाने झाका. पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. मग कागद काढा. दोन्ही भागांत फरक दिसला, तर रंग उन्हाला कच्चा.

*धुण्याची परीक्षा.* रंगीत आणि पांढरा धागा एकत्र वेणीसारखा गुंफा. साबणाने धुवा. पांढरा धागा पांढराच राहिला, तर रंग पास.

*घासण्याची परीक्षा.* ओले पांढरे फडके लडीवर दहा वेळा घासा. फडक्याला रंग लागला, तर सूत आणखी धुवायला हवे.

नापास रंग विकू नये. बाईने दोन महिने खपून मुलाचे अंगडे विणले आणि पहिल्या धुण्यात लाल रंग पांढऱ्यात उतरला, तर तिचे दोन महिने गेले. तिला सुताचे पैसे परत दिले तरी ते दोन महिने आपण देऊ शकत नाही.

६. रंगवही

गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "मागच्या वेळचाच पिवळा द्या. शालीला दोन लडी कमी पडल्या." आता तोच पिवळा कुठून आणायचा? आठवणीवर रंग होत नाही. पाणी बदलले, साल बदलली, वेळ बदलली, की रंग बदलला.

म्हणून रंगवही ठेवा. एका रंगाला एक पान. त्यावर लिहा :

तारीख आणि घाणा क्रमांक
सुताचा नंबर आणि कोरडे वजन
पाणी किती, कुठले (विहीर, बोअर, नळ)
हिरडा, तुरटी, रंग किती ग्रॅम
किती वेळ गरम ठेवले
विशेष काय घडले

आणि पानाच्या कडेला भोक पाडून त्या घाण्यातला वीतभर धागा बांधून ठेवा. शब्द विसरतात, धागा विसरत नाही. लडीच्या चिठ्ठीवरही घाणा क्रमांक लिहा. गिऱ्हाइकाला आधीच सांगा, "बाई, लागेल तेवढे सूत एकाच घाण्यातले घ्या."

पाणी कुठले, हे का लिहायचे? आपल्याकडच्या पुष्कळ विहिरी-बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. अशा पाण्यात मंजिष्ठेचा लाल रंग खुलतो. पाण्यात लोखंडाचा अंश असेल, तर पिवळा रंग मळकट होतो. विहिरीचे सोडून बोअरचे पाणी घेतले, तर रंग हलणार. वही नसेल तर तुम्ही दोष देणार तुरटीला.

आम्ही शाळेत मुलांना सांगत असू की पाटीवरचे पुसले जाते, वहीतले राहते. मोठ्या माणसांनाही तेच सांगतो. अक्षर वाकडे असले तरी चालेल. आकडा खरा हवा.

७. लडी पडते कितीला?

आता हिशेबाकडे या. खालचे भाव आम्ही समजुतीसाठी धरले आहेत. तुमच्या बाजारचे भाव तुम्ही घाला.

समजा, एका घरात पाच किलो सुताचा एक घाणा काढला. घरात नवरा, बायको आणि सासूबाई. रोख खर्च असा झाला :

सूत, ५ किलो, दर ४०० रु. : २,०००
हिरडा, तुरटी, साल, सोडा, साबण : ३००
सरपण किंवा गॅस : २५०
पाणी, वीज : ५०
चिठ्ठ्या, पिशव्या : १५०
वाहतूक : २५०
एकूण रोख खर्च : ३,००० रु.

नवरा म्हणतो, "पाच किलोच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या पन्नास लडी. तीन हजारांना पन्नासने भागले, साठ रुपये. ऐंशीला विकू. लडीमागे वीस सुटतील." बोलणे गोड आहे. हिशेब चुकला आहे. कुठे चुकला, ते पाहू.

पहिली चूक घटीची. धुताना मेण-मळ गेला. पाच किलोचे ४ किलो ७०० ग्रॅम राहिले. म्हणजे लडी पन्नास नव्हेत, सत्तेचाळीस.

दुसरी चूक मजुरीची. धुणे, बुडवणे, फिरवणे, वाळवणे, लडी बांधणे, या साऱ्याला घरच्या माणसांचे मिळून २४ तास लागले. ८ तासांची मजुरी ४०० रुपये धरली, तर तासाला ५० रुपये. २४ तासांचे १,२०० रुपये झाले. ते वहीत कुठे आहेत?

तिसरी चूक झिजेची आणि बिघाडाची. पातेली झिजतात. दर काही घाण्यांमागे एक बिघडतो. झीज १५० आणि बिघाड ३०० धरू. झाले ४५०.

खरा खर्च : ३,००० + १,२०० + ४५० = ४,६५० रु.
एक लड : ४,६५० ÷ ४७ = सुमारे ९९ रु.

ऐंशीला विकली तर लडीमागे १९ रुपये तोटा. पण तो खिशात दिसत नाही. दिसतो कुठे? पाहा. ४७ लडी ८० रुपयांनी विकल्या, ३,७६० रुपये आले. रोख खर्च ३,००० वजा केला, ७६० उरले. त्यातून झीज-बिघाडाचे ४५० गेले, ३१० उरले. ते चोवीस तासांच्या श्रमाचे. तासाला तेरा रुपये.

तेरा रुपये तासाने कांदा काढायला कोणी जाईल का? नाही जाणार. मग घरातली सून आणि म्हातारी सासू त्याच भावाने चुलीच्या धगीपुढे उभ्या राहतात, ते कुणाच्या ध्यानात येत नाही. कारण त्यांच्या कामाचा आकडा कधी लिहिला गेला नाही. घरचे माणूस म्हणजे फुकटचे माणूस नव्हे. धंद्याच्या वहीत प्रत्येकाचे नाव लिहा, पुढे तास लिहा. मजुरी हातात द्या, किंवा तिच्या नावाच्या बँक खात्यात भरा. पैसे नसतील तर 'देणे आहे' असे लिहा. पण लिहा.

८. भाव, दुकानदार आणि उधारी

९९ रुपये पडते, तर १२० ला विकावी. २१ रुपये नफा. ४७ लडींचे ९८७ रुपये. हा नफा उडवायचा नाही. पुढच्या घाण्याचे सूत त्यातून घ्यायचे.

पुण्याचा दुकानदार म्हणेल, "माल ठेवतो, पण शेकडा पंचवीस माझे." १२० च्या लडीत त्याचे ३० जातील. तुम्हाला ९० मिळतील. पडली ९९ ला. म्हणजे पुन्हा तोटा. मग काय करावे? दुकानातला भाव १६० ठेवावा. त्याचे ४० गेले, तुमचे १२० राहिले. दुकानातून लड १६० ला मिळत असेल, तर घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही १६० च सांगा. नाही तर दुकानदार उद्या माल ठेवणार नाही. घरी विकण्यात, निरोप घेण्यात, पुडके बांधण्यात जो वेळ जातो, त्याचे ते चाळीस रुपये आहेत.

आता उधारी. जुने लोक सांगून गेले आहेत, उधारीचे पोते सव्वा हात रिते. नात्यातल्याला नाही म्हणता येत नाही, हे खरे. मग एक मर्यादा ठरवा. एका घाण्याच्या नफ्याहून जास्त उधारी बाहेर असता कामा नये. आमच्या उदाहरणात ९८७ रुपये. त्यापुढे उधार मागणाऱ्याला वही दाखवा. माणूस 'नाही' म्हणाला की राग येतो. वही 'नाही' म्हणाली की तितका येत नाही.

धंद्याची नोंदणी करायची असेल तर 'उद्यम' नोंदणी आहे. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली. सरकार तिचे शुल्क घेत नाही. कुणी "शुल्काचे हजार रुपये द्या" म्हणाले, तर उठून या. रंगकामाचे शिक्षण हवे असेल, तर मुंबईला केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र आहे. तिथे चौकशी करावी.

९. रंगाचे पाणी जाते कुठे?

सूत वाळले, लडी विकल्या. पातेल्यातले पाणी राहिले. ते कुठे टाकणार?

थंड पाण्याच्या रंगाचा हिशेब करू. एक किलो सुताला २० लिटर पाणी. गडद रंगाला लिटरला ५० ग्रॅम मीठ. वीस पन्नास एक हजार. म्हणजे एक किलो सुताला एक किलो मीठ! आठवड्याला पाच किलो सूत रंगवले, तर वर्षाच्या ५२ आठवड्यांत २६० किलो मीठ. ते परसात ओतले, तर परसातली जमीन आणि शेजारची विहीर दोन्ही जातील. क्षार फुटलेली पांढरी जमीन उसाच्या पट्ट्यात तुम्ही पाहिली आहे. तिथे गवत नीट येत नाही.

तमिळनाडूत तिरुप्पूर नावाचे शहर आहे. बनियन-टीशर्टचा मोठा व्यापार. तिथल्या रंगशाळांचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत गेले. खालच्या शेतकऱ्यांची जमीन आणि पाणी खारावले. शेतकरी कोर्टात गेले. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करण्याचा आदेश दिला. शेकडो रंगशाळांना कुलपे लागली. हजारो मजुरांचे काम गेले. आधी शेतकरी बुडाला, मागून मजूर बुडाला.

आपली भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. म्हणजे मांडवगणच्या ओढ्यात ओतलेले पाणी शेवटी सोलापूरच्या विणकराच्या माठात जाणार. आपण थोडेच टाकतो, असे प्रत्येक घर म्हणते. थेंबे थेंबे तळे साचे, हे पैशापुरतेच खरे नाही.

मग करावे काय?

एकाच पाण्यात दुसरा, तिसरा घाणा फिक्या रंगाचा काढा. रंग वाचतो, पाणीही वाचते. हिरड्याचे, सालीचे पाणी गार करून झाडाच्या बुंध्यापासून दूर, पसरून टाका. विहिरीजवळ टाकू नका. मीठ-सोड्याचे पाणी जाड प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ खड्ड्यात उन्हाने आटू द्या. खाली राहिलेला गाळ शेतात मिसळू नका. ज्या घराला असा खड्डा करणे जमणार नाही, त्याने मिठाचे रंग वापरू नयेत. धंदा वाढवायचा झाला, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी कशी लागते, ते आधी विचारून घ्यावे.

१०. घरची माणसे जपा

रंगाची भांडी वेगळी ठेवा. त्यांत पुन्हा कधी कालवण शिजवू नका. भांड्यावर तांबड्या अक्षरांत 'रंग' असे लिहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खूणही करा.

रंगाची पूड उघडताना नाकातोंडाला फडके बांधा. थंड पाण्याच्या रंगांची पूड श्वासात गेली, तर काहींना दमा जडतो. पंखा बंद करा. हातमोजे घाला. सोडा, हिराकस आणि रंग लेकरांच्या हाताला लागणार नाहीत असे उंच ठेवा. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत रंगाचे पाणी भरून ठेवू नका. मूल सरबत समजून पिते.

एवढे सांभाळले, तर हा धंदा घराला आधार देईल. घर बांधण्याइतके पैसे यात नाहीत. पण मुलीची फी, म्हातारीचे औषध आणि बाईच्या नावाचे खाते, एवढे यातून होऊ शकते. ते काही थोडे नाही.

उत्तरे लिहा

१. ६० नंबरचे सूत एका पौंडात किती वार असते?
२. तीन किलो सुताला हिरडा, तुरटी आणि साल किती लागेल?
३. हिराकस जास्त घातली तर सुताचे काय होते?
४. एका लडीला ११० रुपये खर्च येतो. दुकानदार शेकडा पंचवीस घेतो. दुकानात १४० ला विकली तर नफा की तोटा? किती?
५. आठवड्याला तीन किलो सूत मिठाच्या रंगाने गडद रंगवले, तर वर्षात किती मीठ लागेल?

करून पाहा

वहीचे एक पान घ्या. तुमच्या घरात जो काही धंदा किंवा जोडधंदा चालतो, त्यात आठ दिवस कोण किती तास काम करते, ते रोज लिहा. आठव्या दिवशी बेरीज करा. ज्या माणसाचे तास सर्वांत जास्त भरले, त्याला किंवा तिला आजवर किती मजुरी दिली, ते शेजारी लिहा. मग ते पान घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.